थरोब्रेड घोड्यांची पैदास आणि पागा

थरोब्रेड ही खास शर्यतीसाठी घडवलेली घोड्याची जात. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून आणलेले नर इंग्लंडमधल्या घोड्यांना दाखवून ती तयार झाली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडचा पितृवंश बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळतो. त्यातले सुमारे ९५ टक्के नर डार्ली अरेबियनच्या खापरपणतवाचे, एक्लिप्सचे वंशज आहेत. १ एप्रिल १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून त्याचे हे नाव. १८ शर्यती धावून तो एकदाही हरला नाही.

१७९१ मध्ये ‘जनरल स्टड बुक’ ही वंशावळीची वही निघाली. आई-बाप दोघेही नोंदलेले असतील तरच शिंगराची नोंद होते. कृत्रिम रेतन किंवा भ्रूणरोपण चालत नाही, त्यामुळे घोडीला नराच्या फार्मवरच न्यावे लागते. कित्येकदा पायाशी काही आठवड्यांचे शिंगरू असतानाच.

या व्यवसायातला सगळ्यात मोठा पेच तारखेचा आहे. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडांचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढते, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्टला. जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे, म्हणून जन्म जितका लवकर तितका मालकाचा फायदा. पण घोडी दिवस मोठा होऊ लागल्यावर माजावर येते आणि अकरा महिने गाभण राहते. मग ऐन थंडीत तिच्या ठाणावर रोज दिवा लावून, उजेड सुमारे सोळा तास मिळेल असे करून तिचा माज आधी आणतात. ती खरोखर माजावर आहे का, हे आधी दुसऱ्याच नराजवळ नेऊन पाहतात. मौल्यवान नराला लाथ बसू नये म्हणून. जुळ्यांचा गर्भ बहुधा टिकत नाही, म्हणून पंधराव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी करून एकच ठेवतात.

घोडी बहुधा रात्री विते. तासाभरात शिंगरू लटपटत उभे राहते, आणखी तासाभरात आचळ शोधते. पहिला चीक वेळेत पोटात गेलाच पाहिजे, कारण रोगांशी लढण्याची ताकद त्याला त्यातूनच मिळते. तिकडे घोडीची वार (गर्भाला पोसणारे आवरण) अखंड पडली का, हे जमिनीवर पसरून पाहतात. आत तुकडा राहिला तर घोडी जिवावर बेतण्याइतकी आजारी पडते.

पाच-सहा महिन्यांनी दूध तोडतात, दीड वर्षाच्या आसपास लगाम-खोगिराची सवय लावतात आणि दोन वर्षांचे झाल्यावर ते धावायला उभे राहते. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ तोवर अनेकदा पुरी झालेली नसते. हलक्या व्यायामाने कोवळे हाड घट्ट होते, हे खरे. पण पहिल्या मोसमाच्या घाईत जोरदार दौड काढून घेणे हे माझ्या मते या धंद्याचे सर्वात मोठे पाप आहे.

थरोब्रेडचे हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते आणि भरधाव दौडीत दोनशेच्या पुढे जाते. या इंजिनाचा भार पेलतात ते बारीक पाय. म्हणून पागेचा दिवस पायांपासून सुरू होतो. उजाडण्यापूर्वी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, आधी गव्हाणीत डोकावतो. रात्रीचे ओट उरले असतील तर काहीतरी बिनसले आहे. मग वाकून गुडघ्याखालची मागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दोन बोटांत धरून वरून खाली येतो, एक पाय झाला की दुसरा. बोटांना किंचित जरी ऊब लागली, तरी त्या दिवशी त्या घोड्यावर खोगीर चढू नये. शर्यत चार दिवसांवर आली असली तरीही.