रिमोट सेन्स आणि रिमोट कंट्रोल: एकाच सप्लायवरचे दोन वेगळे 'रिमोट'

आमच्याकडे नवीन पोरगा जॉइन झाला की बेंच पॉवर सप्लायपाशी, म्हणजे टेबलावरच्या हवे तेवढे व्होल्ट देणाऱ्या डब्यापाशी, हा घोळ होतोच होतो. डिस्प्लेच्या कोपऱ्यात 'आरएमटी' लागलेलं दिसतं आणि तो खुशीत म्हणतो, सर, रिमोट सेन्स चालू आहे, आता वायर कितीही लांब असू दे. अरे बाबा, ते सेन्सचं नाहीये, ते फक्त सांगतंय की सप्लाय आता कॉम्प्युटरचं ऐकतोय आणि पुढची बटणं लॉक आहेत.

रिमोट कंट्रोल म्हणजे हुकूम कोण देतो त्याची गोष्ट. बोटाने नॉब फिरवायच्या ऐवजी यूएसबी, लॅन, आरएस-232 नाहीतर जीपीआयबी केबलवरून कमांड जाते. ही जीपीआयबी, म्हणजे मोजमापाची यंत्रं कॉम्प्युटरला जोडायची पद्धत, मूळची एचपीची, 1975 मध्ये आयट्रिपलई 488 म्हणून स्टँडर्ड झाली, आणि 1990 मध्ये एससीपीआय ही कमांडची भाषा आली, जिला सगळे 'स्किपी' म्हणतात. ही भाषा वाचायलाही सोपी आहे, 'व्होल्ट 5' पाठवा, 'करंट 3' पाठवा, 'आउटपुट ऑन' पाठवा, झालं. पायथनमधून पायविसा ही लायब्ररी लावून दहा ओळीत काम होतं. (आरएस-232 वाल्या काही जुन्या मॉडेलला आधी 'सिस्टिम रिमोट' म्हणावं लागतं, नाहीतर साहेब ढिम्म.)

रिमोट सेन्स म्हणजे सप्लाय व्होल्टेज मोजतो कुठे, त्याची गोष्ट. इथे कॉम्प्युटर लागतच नाही, लागतात दोन जास्तीच्या बारीक वायरी. एरवी सप्लाय स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्ट बघून रेग्युलेट करतो, पुढे वायरीत किती व्होल्ट पडले ते त्याला कळत नाही. सेन्सच्या वायरी थेट लोडपाशी, म्हणजे ज्याला वीज देताय त्या बोर्डापाशी, नेऊन जोडल्या की तो तिथले व्होल्ट बघतो आणि जेवढे वायरीत पडतात तेवढे आउटपुटला वाढवून देतो. सेन्सच्या वायरीतून करंट जवळपास जातच नाही म्हणून त्या बारीक चालतात, फक्त एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात म्हणजे नॉइज कमी उचलतात.

आता आकड्यात बघू कारण त्याशिवाय पटत नाही. 0.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, सप्लायपासून बोर्डापर्यंत 2 मीटर, म्हणजे जाऊन येऊन 4 मीटर, रेझिस्टन्स साधारण 0.14 ओहम. 3 अँपिअर ओढले की 0.41 व्होल्ट वायरीतच गेले. सप्लायवर 5.00 दिसतंय आणि बोर्डाला मिळतायत 4.59. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड 4.63 च्या आसपासच कमी व्होल्टेजची वॉर्निंग देतो, म्हणजे तुमचा पाय बोंबलणार आणि तुम्ही एसडी कार्ड बदलत बसणार. क्रोकोडाइल क्लिपचा ढिला कॉन्टॅक्ट तर मी धरलाच नाहीये.

आणि खरी गंमत पुढे आहे. याच सेटअपला रिमोट कंट्रोल लावा, स्क्रिप्टमधून व्होल्टेज विचारा, उत्तर येणार 5.00, कारण तो मोजतोय स्वतःच्या टर्मिनलवर. लॉगमध्ये हजार रीडिंग, सगळी 5.00, ग्राफ एकदम सरळ रेष, आणि बोर्ड दर दहा मिनिटांनी रिसेट. मी स्वतः अख्खी दुपार फर्मवेअरला शिव्या घातल्यात अशा ग्राफवर विश्वास ठेवून, शेवटी हातातलं साधं मल्टिमीटर बोर्डाच्या पिनांवर टेकवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून पहिलं रीडिंग लोडपाशी, हाताने, मग ऑटोमेशनचं कौतुक.

उलट बाजूने पण फटका बसतो. सेन्स जोडला की वरच्या हिशोबाने टर्मिनलवर 5.41 व्होल्ट असणार ना, आणि तुम्ही ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर गेलं की आउटपुट बंद करणारं) 5.3 ला लावून ठेवलंय, तर लोड वाढला की आउटपुट धाडकन बंद, कारण बऱ्याच सप्लायमध्ये ते प्रोटेक्शन टर्मिनलवरचंच व्होल्टेज बघतं. म्हणून थोडी जागा ठेवा, पण प्रोटेक्शन काढून टाकू नका, कारण सेन्सची वायर चालू कामात निसटली तर सप्लायला वाटतं लोडवर व्होल्ट पडले आणि तो वाढवायला लागतो. चांगल्या सप्लायमध्ये आत रेझिस्टर असतो जो हे थोडक्यात आवरतो, पण तुमच्यात आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. सेन्सचे प्लस-मायनस उलटे तर अजिबात लावू नका. आणि सेन्स वापरायचा नसेल तर सेन्सचे स्क्रू आउटपुटच्या स्क्रूंना जोडणाऱ्या मागच्या पट्ट्या जागेवर घट्ट आहेत ना ते बघा, कोणीतरी काढून ड्रॉवरमध्ये टाकलेल्या असतात.

कंट्रोलवाल्याची भीती वेगळी. स्क्रिप्ट क्रॅश झाली किंवा लॅपटॉप झोपला तरी आउटपुट शेवटच्या सेटिंगवर तसंच चालू राहतं, सप्लायला काय माहीत तुम्ही जेवायला गेलात. काहींना वॉचडॉग असतो, म्हणजे काही वेळ कमांड आली नाही की आउटपुट स्वतःच बंद करणारी सोय, नसेल तर निदान स्क्रिप्टच्या फायनली ब्लॉकमध्ये (एरर आली तरी शेवटी चालणारा भाग) आउटपुट बंद करायची कमांड टाका, आणि लॅपटॉपच झोपला तर ती ओळही चालणार नाही हे धरून चाला.

अजून एक गोंधळ, मागच्या स्क्रूपट्टीवर सेन्सच्या शेजारीच कधीकधी अॅनालॉग प्रोग्रॅमिंगचे स्क्रू असतात. तिथे बाहेरून 0 ते 10 व्होल्ट दिले की आउटपुट त्या प्रमाणात हलतं, 30 व्होल्टच्या सप्लायला 5 दिले तर 15 मिळणार. हे कंट्रोलच्या घरातलं, सेन्सच्या नाही, जरी स्क्रू चिकटून असले तरी.

काही नवीन मॉडेलमध्ये तर सेन्स आतला घ्यायचा का बाहेरचा हेसुद्धा कमांडने बदलता येतं, म्हणजे एक रिमोट दुसऱ्या रिमोटला चालू करतो. आमचा तो पोरगा ही कमांड पाठवून मोकळा झाला आणि मला म्हणाला सेन्स चालू केला सर. मागे जाऊन बघितलं तर सेन्सच्या स्क्रूंना एकही वायर नव्हती.