प्रयोगशाळेतील सुरक्षा प्रशिक्षण : कोणाला, कशाचे, किती दिवसांनी

संशोधन संस्थांतील सेफ्टी ऑफिसर, लॅब मॅनेजर आणि प्रशासन विभागासाठी माहितीपत्रक

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की सभागृहात दोन तासांचे व्याख्यान होते, हजेरीपटावर सह्या होतात, आणि वर्षाचे प्रशिक्षण 'झाले' असे धरले जाते. संस्थांना सुरक्षा प्रशिक्षण उभारून देणे हे आमचे काम, आणि व्याख्यानाला आमची हरकत नाही. पण त्या दिवशी सभागृहात कोण बसले होते, एवढेच हजेरीपट सांगतो. त्यातल्या कोणाला हायड्रोजनचा सिलिंडर बदलता येतो, हे त्यावरून कळत नाही.

नोंद नसली की काय होते, याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी तिथली २३ वर्षांची संशोधन सहायक टर्ट-ब्यूटिल लिथियम सिरिंजने काढत होती. दट्ट्या बाहेर आला आणि हवा लागताच द्रवाने पेट घेतला. अंगात ॲप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. तिला या कामाचे प्रशिक्षण दिल्याची लेखी नोंद चौकशीत मिळाली नाही. कामावर लागून तिला तीन महिनेही झाले नव्हते.

यादी खोलीपासून सुरू करा

प्रशिक्षणाची यादी हुद्द्यांवरून बनवली तर ती हमखास चुकते. एकाच विभागातल्या दोन जेआरएफपैकी (कनिष्ठ संशोधन फेलो) एक दिवसभर संगणकावर असतो आणि दुसरा फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतो. म्हणून प्रत्येक खोलीत जाऊन तिथे खरोखर काय चालते ते लिहा : रसायने, वायू, दाबाची व तापाची उपकरणे, लेझर, जिवाणू-विषाणू, किरणोत्सारी पदार्थ. रसायनांसाठी प्रत्येकाची एसडीएस (सुरक्षा माहितीपत्रिका) काढा. तिचे सोळा भाग असतात, पण प्रशिक्षणासाठी मुख्यतः चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी व साठवण), आठवा (संरक्षक साधने) आणि दहावा (स्थैर्य व अभिक्रियाशीलता) लागतात. दहावा भाग बहुतेक जण उघडतही नाहीत, आणि टाकाऊ रसायनांच्या बाटल्या फुटण्याचे कारण तिथेच लिहिलेले असते. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत ॲसिटोन किंवा इथेनॉल ओतले की वायू तयार होत राहतो. झाकण घट्ट असेल तर बाटली काही तासांनी, म्हणजे बऱ्याचदा रात्री, फुटते.

या पाहणीतून कामांची यादी निघते. 'रासायनिक सुरक्षा' हे काम नव्हे. 'द्रवरूप नायट्रोजन भरणे व नेणे' हे काम आहे. मध्यम आकाराच्या संस्थेत अशी वीस-तीस कामे निघतात. प्रत्येकाला छोटा क्रमांक द्या. मग एका तक्त्यात उभी माणसे आणि आडवी कामे लिहा. ज्या चौकटीत खूण येईल, तेवढेच प्रशिक्षण त्या माणसाला लागते. आग, बाहेर पडण्याचा मार्ग, आयवॉश (डोळे धुण्याचा नळ) आणि अपघात कळवण्याची पद्धत या चार गोष्टी मात्र सर्वांना.

तक्त्यातून सुटणारी माणसे

पगारपत्रकावरून तक्ता बनवला की ही माणसे गळतात : मे-जूनमधले इंटर्न, एम.एस्सी.चे प्रोजेक्ट विद्यार्थी, हाउसकीपिंगचे कंत्राटी कामगार, रात्रीचा सुरक्षारक्षक, यंत्रदुरुस्तीला येणारा बाहेरचा इंजिनिअर.

काचसामान धुणाऱ्या आणि फरशी पुसणाऱ्या कामगारांना मराठीत किंवा हिंदीत, नळापाशी उभे राहूनच शिकवा. त्यांचा मोठा धोका साधा असतो : ब्लीचमध्ये आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर मिसळला की क्लोरीन वायू सुटतो. कंत्राटदार माणसे बदलत राहतो, म्हणून 'नवा माणूस आमच्या प्रशिक्षणाशिवाय लॅबमध्ये येणार नाही' हे कलम करारातच घाला. सुरक्षारक्षकाला रसायनशास्त्र शिकवायला बसू नका. कोणत्या अलार्मचा अर्थ काय, कोणते दार अजिबात उघडायचे नाही आणि फोन कोणाला करायचा, एवढे त्याला झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे.

किती दिवसांनी

काही मुदती नियमांनी ठरवल्या आहेत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ संशोधन संस्थांनाही लागू आहेत. असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावे लागते. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत जायला हवा. त्यात किती जणांना प्रशिक्षण दिले याबरोबर किती जणांना दिले नाही हा आकडाही द्यावा लागतो. हा दुसरा आकडा तक्त्याशिवाय कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

किरणोत्सारी समस्थानिके असतील तर २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असलेला आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) लागतो. तो नोकरी सोडून गेला की पुढच्याची मान्यता येईपर्यंत काम अडते, म्हणून दुसऱ्या माणसाला आधीच तयार करा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला या कामावर नेमता येत नाही. जनुकीय फेरफार केलेल्या जीवांवर काम असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या मंजुरीतच प्रशिक्षणाच्या अटी असू शकतात. मंजुरीचे पत्र पुन्हा वाचा.

उरलेल्या मुदती तुम्हीच ठरवायच्या. आमचा सल्ला असा : जिथे चूक झाल्यास माणूस मिनिटांत जायबंदी होतो (पायरोफोरिक म्हणजे हवा लागताच पेटणारे द्रव, हायड्रोफ्लोरिक आम्ल, द्रवरूप नायट्रोजन) तिथे दर वर्षी प्रात्यक्षिक, बाकी कामांना दोन वर्षे. सहा महिन्यांहून जास्त रजेवर गेलेल्याचे आणि एसओपीत (कामाच्या लेखी कार्यपद्धतीत) पायऱ्या बदलल्या असतील तर सर्वांचे प्रशिक्षण नव्याने. एसओपीत फक्त शुद्धलेखन सुधारले असेल तर वाचून सही पुरे. प्रत्येक आवृत्तीला सगळ्यांना वर्गात बसवले की लोक न वाचता सही करायला शिकतात.

परीक्षा करून दाखवण्याची

दहा प्रश्नांची टिकमार्क चाचणी आम्ही इंडक्शनपुरतीच (रुजू होतानाच्या प्रशिक्षणापुरतीच) घेतो. कामाची परीक्षा प्रात्यक्षिकानेच घ्यावी, शक्यतो धोकादायक पदार्थाऐवजी पाणी वापरून. काय पाहायचे, याची काही उदाहरणे :

द्रवरूप नायट्रोजन. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. ४ × ३ × ३ मीटरच्या बंद खोलीत १० लिटर सांडले तर ऑक्सिजन २०.९ वरून सुमारे १७ टक्क्यांवर येतो, अलार्म १९.५ ला वाजायला हवा. शिकणाऱ्याने हा हिशेब स्वतःच्या खोलीसाठी कागदावर करून दाखवावा. ड्युअर (द्रवरूप नायट्रोजनचे भांडे) लिफ्टने न्यायचा तर माणूस जिन्याने जातो, लिफ्टमध्ये त्याच्यासोबत नाही.

हायड्रोफ्लोरिक आम्ल. पातळ आम्ल लागले तर दुखणे काही तासांनी सुरू होते, त्यामुळे 'काही झाले नाही' म्हणून माणूस घरी जातो. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे आहे हे विचारू नका. आणून दाखवायला सांगा. ट्यूबवरची मुदत त्यालाच वाचू द्या.

हातमोजे. डायक्लोरोमीथेन साध्या नायट्राइल मोज्यातून मिनिटा-दोन मिनिटांत आरपार जाते. 'मोजे घातले होते' हे उत्तर पुरेसे नाही. सांडल्यावर ते लगेच काढले का, ते पाहा.

आयवॉश. डोळे मिटून, जागेवरून दहा सेकंदांत तिथे पोहोचता आले पाहिजे आणि पंधरा मिनिटे धुवावे लागते. आठवड्यातून एकदा तो चालवा, नाही तर नळीतला गंज पहिल्या धारेबरोबर डोळ्यांत जातो. त्याच्यासमोर खोकी रचलेली आढळली तर चूक विद्यार्थ्याची नाही, जागेच्या प्रमुखाची.

नोंद

प्रत्येक ओळीत एवढे हवे : नाव, काम-क्रमांक, तारीख, एसओपीची आवृत्ती, शिकवणारा, प्रात्यक्षिक पाहणारा, मुदत कधी संपते. शिकवणारा आणि पाहणारा शक्यतो वेगळे असावेत. शंभरेक माणसांपर्यंत एक्सेल चालते, फक्त फाइलचा मालक एकच हवा. प्रत्येक विभागाची वेगळी प्रत निघाली की कोणती खरी हे तपासणीच्या दिवशीच ठरवावे लागते. मुदत संपायला साठ दिवस उरले की पिवळा रंग, तीस दिवस उरले की लाल. सगळ्यांच्या मुदती मार्चमध्ये येऊ देऊ नका, विभागवार महिने वाटून द्या.

तक्त्याला दात असावेत. फ्यूम हूडच्या खोलीचे कार्ड, सिलिंडरच्या जाळीची किल्ली, उपकरणाचे बुकिंग यांपैकी एक तरी गोष्ट मुदतीशी जोडा. यावर पहिली तक्रार ज्येष्ठ प्राध्यापकांकडून येते. सूट दिली तर पुढच्या महिन्यात सूट मागणाऱ्यांची यादी तक्त्याइतकी होते.

आमच्या पहिल्या भेटीआधी

खोल्यांचा नकाशा, रसायनांची साठा-यादी, कंत्राटदारांच्या माणसांसह सर्वांची नावे, गेल्या दोन वर्षांतील अपघात व थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंदवही, आणि सध्याचे हजेरीपट असतील तसे द्या. भेटीसाठी आवरून ठेवू नका. रोजची मांडणीच पाहायची असते. तक्ता बनवणे, प्रात्यक्षिके घेणे आणि तुमच्यातले दोन-तीन प्रशिक्षक तयार करणे हे आमचे काम. आरएसओची मान्यता, बायोसेफ्टी कॅबिनेटचे वार्षिक प्रमाणन आणि ऑटोक्लेव्हची दाबचाचणी आम्ही करत नाही. त्यांच्या तारखा मात्र तुमच्या तक्त्याशेजारीच लावून देतो.