ड्रायवॉलवर पडद्याचा रॉड बसवणे

जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीवर पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट पक्के करण्याचे घरगुती काम. अमेरिका आणि कॅनडातील बहुतेक घरांच्या आतल्या भिंती ड्रायवॉलच्या असल्याने तिथे नव्या घरात सामान लावताना हे काम हटकून निघते. विटा-सिमेंटच्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला ते ओळखीचे वाटते, आणि तिथेच तो बहुधा फसतो. या भिंतीत भार बोर्ड पेलत नाही. बोर्डामागे जे असेल ते पेलते.

ड्रायवॉल म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा गाभा असलेला सपाट बोर्ड. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये पेटंट घेतलेला थरांचा बोर्ड हा त्याचा पूर्वज. युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने १९१७ च्या सुमारास ‘शीटरॉक’ बाजारात आणले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने घरे बांधली गेली तेव्हा ओल्या गिलाव्याची जागा या बोर्डाने घेतली. घरात साधारणपणे अर्धा इंच (१२.७ मिमी) जाडीचा बोर्ड असतो. तो लाकडाच्या उभ्या खांबांवर, म्हणजे स्टडवर, स्क्रूने ठोकलेला असतो. स्टडची रुंदी दीड इंच आणि दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर बहुधा १६ इंच, काही ठिकाणी २४ इंच. मधली जागा पोकळ, किंवा बाहेरच्या भिंतीत थंडी अडवणाऱ्या भरावाने भरलेली.

विटेच्या भिंतीत भोक पाडून गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लग, ठोकली आणि स्क्रू पिळला की गिट्टी फुगते, वीट तिला दाबून धरते आणि त्या घर्षणावर स्क्रू टिकतो. आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये काढलेल्या नायलॉनच्या प्लगचे काम याच तत्त्वावर चालते. जिप्सम मात्र उलट दाब देत नाही, त्याचा भुगा होतो. त्यामुळे साधी प्लास्टिकची गिट्टी बोर्डात पहिल्या दिवशी घट्ट वाटते आणि पडदा रोज ओढून ओढून महिन्याभरात भोक मोठे करून बाहेर येते. रॉडच्या खोक्यात ज्या गिट्ट्या मिळतात त्या बहुधा याच जातीच्या असतात. हलका जाळीदार पडदा असेल तर ठीक. जाड अस्तराच्या पडद्याला त्या वापरू नयेत.

ब्रॅकेटवर येणारा ताण नुसत्या वजनाचा नसतो, हे इथे नीट समजून घ्यावे. समजा एका ब्रॅकेटवर ४ किलो भार आहे, रॉड भिंतीपासून १० सेंमी पुढे आहे आणि ब्रॅकेटच्या खालच्या कडेपासून वरचा स्क्रू ५ सेंमी उंचीवर आहे. ब्रॅकेट खालच्या कडेवर टेकून पुढे कलू पाहतो, आणि वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढणारा जोर ४ × १० ÷ ५, म्हणजे ८ किलो होतो. पडदा झटक्याने सरकवला की त्यात आणखी भर. म्हणून बुटक्या ब्रॅकेटपेक्षा उंच पाठीचा ब्रॅकेट चांगला, आणि दोन पडद्यांसाठी दुहेरी रॉड घेतला की पुढचा रॉड भिंतीपासून जितका लांब जातो तितका वरचा स्क्रू अधिक ओढला जातो.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लाकूड गाठणे. खिडकीभोवती ते भरपूर असते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना जोडस्टड उभे केलेले असतात आणि वर आडवी तुळई, म्हणजे हेडर, टाकलेली असते. खिडकीच्या पट्टीच्या वर चार-पाच इंचांवर ब्रॅकेट घेतला तर स्क्रू बहुतेक वेळा हेडरमध्येच जातो. अडचण येते ती खिडकी मोठी दिसावी म्हणून रॉड दोन्हीकडे आठ-दहा इंच बाहेर नेला की. तिथे जोडस्टड संपलेले असतात आणि मागे नुसती पोकळी असते. स्टड फाइंडर नसेल तर छोटे लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवावे. पुट्टीखाली बुजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर ते टचकन चिकटते. त्याच्या वर-खाली आणखी दोन जागी चिकटले की स्टडची उभी रेघ सापडली.

मग बारीक बिटने एक भोक पाडून पाहावे आणि बिटला लागून काय बाहेर येते ते बघावे. आधी पांढरी भुकटी येणारच. तिच्यामागून फिकट लाकडाचा कीस वळून येऊ लागला आणि ड्रिलला सलग जोर लागत राहिला तर स्टड मिळाला. अर्ध्या इंचानंतर बिट एकदम आत गेले तर मागे पोकळी आहे. कडक धातू लागला तर तिथेच थांबावे: वायर स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तर तिच्या रक्षणासाठी अमेरिकी नियमांप्रमाणे तिथे पोलादी पट्टी ठोकतात, आणि ती भेदण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. म्हणूनच फार लांब स्क्रूचा मोह नको. दीड ते पावणेदोन इंची स्क्रू लाकडात पुरेसा रुततो.

पोकळीच असेल तर टॉगल वापरतात. याचे पंख मिटवून भोकातून आत सोडायचे. ते बोर्डामागे उघडतात आणि बोल्ट आवळला की ताण मागच्या बाजूने रुंद जागेवर पसरतो. स्प्रिंगच्या टॉगलचा बोल्ट पुन्हा काढला तर पंख भिंतीच्या आत पडतात. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जागेवर राहणारा टॉगल त्यामुळे सोयीचा. त्याला अर्ध्या इंचाचे भोक लागते, आणि पुष्कळ ब्रॅकेटची पाठ इतकी अरुंद असते की ते भोक झाकलेच जात नाही, शिवाय तिच्या छिद्रातून बोल्टही जात नाही. खरेदीपूर्वी दोन्ही वस्तू एकमेकांना लावून पाहाव्यात. खोक्यावर छापलेला भार हा बहुधा बोर्ड तुटेपर्यंतचा असतो. त्याचा चौथा हिस्सा धरून चालावे.

रॉड चार-पाच फुटांहून लांब असेल तर मध्ये आधार द्यावा, तो सहसा हेडरवरच येतो. याहून पक्की रीत म्हणजे खिडकीच्या वर एक रंगवलेली लाकडी पट्टी आडवी लावून ती हेडरमध्ये आणि लांबी पुरेल तिथे पुढच्या स्टडमध्ये घट्ट करणे. मग ब्रॅकेट पट्टीवर हवे तिथे बसवता येतात. भाड्याच्या घरात, डिपॉझिटची काळजी असल्यास, खिडकीच्या खाचेत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड हलक्या पडद्यांना पुरतो.

महाराष्ट्रातील घरांत खिडकीची भिंत बहुधा वीट, ब्लॉक किंवा काँक्रीटची असते. वर जिप्समचा गिलावा असेल तर ड्रिल केल्यावर आधी पांढरी आणि मग लाल किंवा राखाडी भुकटी येते. ती ड्रायवॉल नव्हे, तिथे गिट्टी चालते. खरा प्रश्न येतो तो जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनचा आणि फॉल्स सीलिंगचा. तिथे मागे लाकूड नसून जस्त चढवलेल्या पातळ (जीआय) पत्र्याचे सांगाडे असतात, आणि पत्र्यात लाकडाचा स्क्रू नीट धरत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पडद्याचा ट्रॅक थेट सीलिंगच्या बोर्डाला लावण्याची पद्धत रूढ आहे. बोर्ड चढवण्याआधी त्या रेषेत १२ मिमीचा प्लाय सांगाड्याला घट्ट बसवून घेतला तर ट्रॅक वर्षानुवर्षे हलत नाही. काम चालू असतानाच कंत्राटदाराला हे सांगावे आणि प्लायच्या जागेचा मोजमापाचा टेप लावून फोटो काढून ठेवावा, कारण रंग झाल्यावर ती जागा डोळ्यांना दिसत नाही.