लिटल वॉल्टर

वॉल्टर, लिटल : (१ मे १९३० ? – १५ फेब्रुवारी १९६८). ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून घडलेल्या संगीतप्रकारातील अमेरिकन गायक व हार्मोनिकावादक. मूळ नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. जन्म लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. १ मे या तारखेबद्दल वाद नाही. वर्षाबद्दल मात्र आहे. जन्माचा दाखला नव्हता. सामाजिक सुरक्षा कार्डासाठी १९४० मध्ये केलेल्या अर्जात १९२३ हे वर्ष आढळते, तर सज्ञान होण्यापूर्वीच्या इतर कागदपत्रांत १९२४, १९२५ व १९२८ अशी वर्षे येतात. पुढे तो स्वतः १९३० हेच वर्ष सांगत असे. अर्जात वय वाढवून सांगण्याचा काम मिळवण्यासाठी उपयोग होत असावा, हे लक्षात घेता १९३० किंवा त्याच्या आसपासचे वर्ष अधिक संभाव्य वाटते.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा व गाव सोडून तो न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, हेलेना, सेंट लुइस असा फिरत राहिला. हेलेनात सनी बॉय विल्यमसन या नावाच्या दोन हार्मोनिकावादकांपैकी दुसऱ्याच्या सहवासात त्याचे वादन घडले. १९४५ च्या सुमारास तो शिकागोत पोहोचला व मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वाजवू लागला. त्याचे पहिले ध्वनिमुद्रण १९४७ मध्ये ओरा-नेल या छोट्या कंपनीने काढले. त्यानंतर तो मडी वॉटर्स या शिकागोतील ब्लूज गायक-गिटारवादकाच्या वाद्यवृंदात आला.

वादनतंत्र : हार्मोनिका, म्हणजे आपल्याकडील माउथ ऑर्गन, पेटीप्रमाणेच हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर वाजतो. पण पेटीवर मींड निघत नाही हा जुना आक्षेप त्याला लागू पडत नाही. तोंडातील पोकळीचा व जिभेचा आकार बदलून श्वास आत ओढून काढलेला सूर खाली उतरवता येतो. ‘सी’ स्वराच्या दहा छिद्रांच्या वाद्यावर तिसऱ्या छिद्राचा ओढीचा सूर तीन अर्धस्वरांपर्यंत उतरतो. म्हणून ब्लूजवादक वाद्याचा मूळ स्वर सोडून त्याच्या पंचमाला षड्ज मानतात व फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर देतात. ‘सी’चे वाद्य अशा रीतीने ‘जी’मध्ये वाजते. हे तंत्र वॉल्टरच्या आधीचे आहे. त्याने सर्व अर्धस्वर देणारी क्रोमॅटिक हार्मोनिकाही ब्लूजमध्ये प्रभावीपणे वापरली.

त्याचे खरे कर्तृत्व मायक्रोफोनशी निगडित आहे. हार्मोनिका व साधा माइक दोन्ही ओंजळीत घट्ट धरून तो अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवी. विद्युत गिटारांच्या गोंगाटात आवाज टिकावा एवढाच यामागे इतरांचा हेतू होता, आणि हा प्रयोग आपण आधी केला असे शिकागोतील हार्मोनिकावादक स्नूकी प्रायर सांगत असे. तो दावा अमान्य करण्याचे कारण दिसत नाही. वॉल्टरचे वेगळेपण असे, की त्याने यंत्राच्या क्षमतेपलीकडे आवाज चढवून होणारी विकृती दोष न मानता वाद्याचा नवा नाद म्हणून वापरली. त्या काळच्या सॅक्सोफोनवादनाचा, विशेषतः लुइ जॉर्डनच्या मंडळींचा, ठसा त्याच्या लांब स्वरवाक्यांवर स्पष्ट दिसतो. मडी वॉटर्सच्या ‘कंट्री बॉय’ (जुलै १९५१) या मुद्रणात ही विद्युत हार्मोनिका प्रथम ऐकू येते, असे सामान्यतः मानले जाते.

‘ज्यूक’ : १२ मे १९५२ रोजी मुद्रित झालेली ही गायन नसलेली वाद्यरचना चेकर कंपनीने वॉल्टरच्या नावाने काढली. ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या रिदम अँड ब्लूज लोकप्रियता-यादीत ती आठ आठवडे पहिल्या स्थानावर होती. हार्मोनिकाच्या दुसऱ्या कोणत्याही वाद्यरचनेला हे स्थान मिळालेले नाही. तिच्या आरंभीच्या स्वरवाक्याचे जनकत्व वादग्रस्त आहे. प्रायरने १९४८ मध्ये मुद्रित केलेल्या एका बूगीत (द्रुत लयीच्या ब्लूज रचनेत) ते जवळजवळ तसेच येते. पण अशी वाक्ये मॅक्सवेल स्ट्रीटवर सर्वांच्याच तोंडी असणार. शिवाय ‘ज्यूक’ची मातब्बरी आरंभात नाही, प्रत्येक बारा मात्राखंडांच्या आवर्तनात नवी कल्पना आणून केलेल्या बढतीत आहे.

या यशानंतर तो मडी वॉटर्सपासून वेगळा झाला. त्याच्या जागी हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्स आला आणि वेल्सचे साथीदार, गिटारवादक लुइ व डेव्हिड मायर्स हे बंधू आणि ड्रमवादक फ्रेड बिलो, वॉल्टरकडे आले. मडीच्या ध्वनिमुद्रणांत मात्र तो नंतरही वाजवत राहिला. १९५२ ते १९५८ या काळात त्याच्या चौदा रचना पहिल्या दहांत पोहोचल्या. गीतकार विली डिक्सनने ‘धिस ट्रेन’ या भक्तिगीताच्या चालीवर बेतलेले ‘माय बेब’ (१९५५) हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय गीत. मद्य व भांडखोरपणा यांमुळे पुढे त्याच्या वादनाला उतरती कळा लागली. १९६४ व १९६७ मध्ये त्याने यूरोपचे दौरे केले.

शिकागो येथे एका मारामारीनंतर झोपेतच त्याचा मृत्यू झाला. मृत्युदाखल्यात हृदयरोहिणीतील रक्ताची गुठळी हे कारण नोंदलेले आहे. मारामारीत जुन्या दुखापती बळावल्या असाव्यात, असे चरित्रकारांचे मत आहे. एव्हरग्रीन पार्क येथील त्याच्या थडग्यावर १९९१ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. २००८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तोही ‘साथीदार वादक’ या वर्गात.