ट्रकमालकाची अपघातविषयक जबाबदारी (गोवा)

मालवाहू ट्रक चालवणाऱ्या कंपनीने किंवा मालकाने अपघात होऊ नयेत म्हणून घ्यायची काळजी आणि ती न घेतल्यास अंगावर येणारे दायित्व. अपघात झाला की गाव चालकाला धरतो. कायदा मालकालाही धरतो: नोकर कामावर असताना त्याच्या हयगयीने जे नुकसान होते, त्याची भरपाई मालकाकडून मागता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९९ नुसार गुन्हा कंपनीचा असेल तर तिचा कारभार पाहणाराही दोषी ठरू शकतो.

गोव्यात हा विषय खनिजवाहतुकीने घरोघरी पोचवला. सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतले खनिज टिपरने (हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकने) मांडवी-जुवारी नद्यांच्या काठच्या जेटीवर, म्हणजे धक्क्यावर, जाते, तिथून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटीने) मुरगाव बंदरात. वाटेत सावर्डे-कुडचडे, तिस्क-उसगाव अशी नांदती गावे. भाडे टनावर आणि किलोमीटरवर ठरते. साहजिकच जास्त खेपा, जास्त माल, जास्त पैसे. चालकाचा वेग पुष्कळदा या हिशेबातून आलेला असतो, आणि तो हिशेब चालक मांडत नाही. ट्रक एकाचा, कंत्राट दुसऱ्याचे, माल तिसऱ्याचा असला की जबाबदारीही हातोहात पुढे सरकवली जाते.

जादा मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि मर्यादेवरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय ट्रक हलवता येत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने चालकाचे काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांवर बांधले होते; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती ट्रक देणे हा खुद्द मालकाचा गुन्हा आहे. अशा प्रकरणात विमा कंपनी पीडिताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते.

अनमोड आणि चोर्ला घाटांत कसोटी ब्रेकची लागते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक पकडत नाहीत. म्हणून डिझेलच्या बचतीवर बक्षीस देणाऱ्या मालकाने आपण नेमके कशाला उत्तेजन देत आहोत हे पाहायलाच हवे.

उभ्या ट्रकाचीही जबाबदारी असते. २०१२ मध्ये बंदीमुळे गोव्यातल्या खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक दारासमोर गंजत राहिले, कर्जाचे हप्ते चालूच होते. मालकांची ती ओढाताण खरीच होती. तरीही असा ट्रक टायर, ब्रेक, फिटनेस (वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) आणि विमा पाहिल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला न विचारता त्याचा जीव पणाला लावणे होय.

धोकादायक रसायनांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अधिक कडक आहेत. वाहन त्या मालासाठी योग्य आहे, सुरक्षा-साहित्य गाडीत आहे, चालकाला प्रशिक्षण आणि मालाची लेखी माहिती मिळाली आहे, हे पाहणे नियम १३२ प्रमाणे मालकाचे काम. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळ चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटून वायू पसरला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना अपरात्री घरे सोडून बाहेर पडावे लागले.