मारिओची कॅसेट फुंकरीने चालायची नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत, मग ते पंचवटी असो की सिडको, ज्यांनी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळला, त्या नाशिककरांना एक उपाय पाठ असतो: कॅसेट चालेना, की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. परवा भाच्याला जुना गेम लावून देताना मीही तेच केलं. पण गेम फुंकरीने सुरू होत नाही.

कॅसेटच्या तळाशी धातूच्या पट्ट्या असतात. त्या यंत्राच्या आतल्या पिनांना नीट टेकल्या नाहीत, तर गेम लागत नाही. काढून पुन्हा बसवताना पट्ट्या पिनांवर घासतात आणि संपर्क जुळतो. काम एवढंच, श्रेय मात्र फुंकरीला मिळालं. उलट तोंडातल्या ओलाव्याने धातू हळूहळू गंजतो. मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं. मळ असेल तर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

एवढं जपावं असाच हा गेम आहे. १९८५चा मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा; ढग आणि झुडपं एकाच चित्राची, फक्त रंग वेगळा. तरी बटण जास्त वेळ दाबलं की उडी उंच जाते, हे भाच्याला कुणी सांगावं लागलं नाही.