कुस्तो, गान्यां आणि पाठीवरची झडप

तारकर्ली-मालवणच्या स्कूबा डायव्हिंगविषयी लिहिताना पर्यटक पाठीला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ लावून समुद्रात उतरतात, असे सर्रास लिहिले जाते. त्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण इथे घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून दाबाखाली भरलेली असते. फरक क्षुल्लक वाटेल, परंतु ऑक्सिजनचा दाब साधारण 1.6 ॲटमॉस्फिअरच्या (समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब म्हणजे एक ॲटमॉस्फिअर) पुढे गेला, म्हणजे शुद्ध ऑक्सिजन घेत सहा मीटरच्या खाली उतरले, की हाच प्राणवायू मज्जासंस्थेवर विषासारखा परिणाम करू लागतो आणि माणसाला अपस्मारासारखे झटके येऊ शकतात.

फ्रेंच नौदलातील अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांनी हा अनुभव स्वतःच्या शरीरावर घेतला होता. 1910 साली बोर्दोजवळच्या एका गावात जन्मलेल्या कुस्तो यांना खरे तर वैमानिक व्हायचे होते. 1936 मधील मोटार अपघातात हात जबर दुखावले आणि तो मार्ग बंद झाला. तुलाँच्या बंदरात हातांना व्यायाम म्हणून ते पोहू लागले, फिलिप तायेझ या सहकाऱ्याने पाण्याखाली पाहण्याचा चष्मा दिला, आणि पुढचे आयुष्य ठरून गेले. 1939 च्या सुमारास त्यांनी शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे उपकरण लावून बुड्या मारल्या. सुमारे 14 मीटरवर दोनदा झटके आले आणि दोन्ही वेळा ते थोडक्यात बचावले.

मग साधी लांब नळी का नको? चित्रपटातला नायक तळ्यात लपून बोरूच्या नळीने श्वास घेतो ते हातभर खोलीवर जमेल. एक मीटर खाली गेल्यास दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम वजनाइतका जादा दाब येतो. छातीचा पृष्ठभाग हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक श्वासाला सुमारे 100 किलोचे ओझे ढकलून फुफ्फुसे फुगवावी लागतात, कारण नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्या दाबाचीच असते. श्वास रोखून धरायचा म्हटले, तर तुडुंब भरलेल्या फुफ्फुसांत जेमतेम सव्वा लिटर ऑक्सिजन मावतो आणि स्वस्थ पडलेले शरीरही मिनिटाला पाव लिटर खर्च करते. दुर्योधनाच्या जलस्तंभन विद्येचे दाखले देत तासन्‌तास पाण्याखाली समाधी लावल्याचे सांगणाऱ्या बुवांना हा जमाखर्च अवश्य विचारावा.

म्हणजे पाणबुड्याला हवा हवी, ती त्या त्या खोलीवरच्या दाबाइतक्याच दाबाने हवी, आणि तो श्वास घेईल तेवढ्यापुरतीच हवी. 1926 मध्ये ईव्ह ल प्रियर यांनी दाबाखालच्या हवेची बाटली वापरली होती, पण तिचा प्रवाह अखंड वाहत असे, त्यामुळे बरीच हवा फुकट जाई. 1942 च्या डिसेंबरात कुस्तो पॅरिसमध्ये ‘एअर लिक्विड’ कंपनीतील अभियंते एमिल गान्यां यांना भेटले. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळत नसल्याने मोटारी लाकूड-कोळशाच्या वायूवर चालवल्या जात, आणि इंजिनाला मागणीनुसार वायू पुरवणारी एक झडप गान्यां यांनी तयार केली होती. कुस्तो यांना हवी ती वस्तू अशी मोटारगाडीसाठी आधीच तयार झाली होती.

या झडपेची रचना मला विलक्षण सुंदर वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. आजच्या सिलिंडरमधील हवेचा दाब सुमारे 200 ॲटमॉस्फिअर असतो. पहिल्या टप्प्यात तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण दहा ॲटमॉस्फिअर अधिक इतका उतरवला जातो. दुसऱ्या टप्प्यात एक चपटी डबी असते आणि तिच्या मध्ये लवचीक पडदा ताणलेला असतो. पडद्याच्या एका अंगाला समुद्राचे पाणी, दुसऱ्या अंगाला तोंडाशी जोडलेली हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की हवेच्या बाजूचा दाब किंचित घटतो, बाहेरचे पाणी पडद्याला आत ढकलते, पडदा एक तरफ दाबतो आणि तरफेने झडप उघडते. हवा आत येते. तिचा दाब पाण्याच्या दाबाइतका झाला की पडदा पूर्वस्थितीला येतो आणि झडप मिटते. खोली कोणी मोजत नाही, दाब कोणी जुळवून देत नाही. 10 मीटरवर दोन ॲटमॉस्फिअर, 30 मीटरवर चार, हे समुद्राचे पाणीच पडद्याला कळवते.

1943 च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीत पहिली चाचणी झाली आणि यंत्र विचित्र वागले. आडवे पोहताना ठीक; डोके वर केले की हवा बुडबुड्यांनी वाया जाई, डोके खाली केले की श्वास अडे. दोष उच्छ्वासाच्या तोंडाच्या जागेत होता. ते पडद्यापासून सुमारे 15 सेंटिमीटर दूर होते. शरीर उभे असताना ते पडद्याच्या वर येई, तिथला पाण्याचा दाब कमी असे आणि आतली हवा आपोआप निसटे. शरीर उलटे झाले की तेच तोंड खाली जाई आणि पाण्याचा जादा दाब उच्छ्वासाला रोखून धरी. 15 सेंटिमीटर पाणी म्हणजे 0.015 ॲटमॉस्फिअर, पण फुफ्फुसांचा सारा कारभार असल्याच फरकांवर चालतो. उपाय साधा निघाला: उच्छ्वासाची झडप पडद्याच्या अगदी शेजारी, त्याच पातळीवर बसवणे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये भूमध्य समुद्रात हे यंत्र, म्हणजे ‘ॲक्वालंग’, सुरळीत चालले.

श्रेय बहुधा एकट्या कुस्तो यांना दिले जाते, ते मला पटत नाही. झडप गान्यां यांची होती; ते पुढे माँट्रियलला स्थायिक झाले आणि 1984 मध्ये फारसा गाजावाजा न होता वारले. कुस्तो यांचे वेगळेपण पाण्याखालचे जग लोकांना दाखवण्यात होते. ‘कॅलिप्सो’ हे सुरुंग काढणारे जुने जहाज त्यांना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने मिळाले, आणि दिग्दर्शक लुई माल यांच्यासह केलेल्या माहितीपटाला 1956 साली कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. आज तोच माहितीपट पाहताना अंगावर काटा येतो: गणतीसाठी मासे मिळावेत म्हणून प्रवाळात सुरुंग उडवला जातो, खलाशी शार्क माशांना मारून टाकतात. 1954 मध्ये कॅलिप्सोने अबू धाबीजवळ तेलासाठी समुद्रतळाचे सर्वेक्षणही केले होते. समुद्रतळावर वसाहती उभारण्याची त्यांची स्वप्नेही वृत्तपत्रांनी खूप गाजवली. प्रत्यक्षात 1965 मध्ये सहा माणसे 100 मीटरवर तीन आठवडे राहिली आणि प्रकल्प तिथेच आटोपला.

संवर्धक कुस्तो याच काळात घडत गेले. भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या फ्रान्सच्या योजनेला त्यांनी 1960 मध्ये जाहीर विरोध केला. तरीही 1984 मध्ये, ते संचालक असलेल्या मोनाकोच्या सागरी संग्रहालयाच्या पायथ्याशी, कॉलर्पा टॅक्सिफोलिया या परक्या शेवाळाचा छोटा पट्टा आढळला. मत्स्यालयातून निसटलेले ते शेवाळ पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले, आणि संग्रहालयाने जबाबदारी दीर्घकाळ नाकारली. कुस्तो यांच्या चरित्रांत हे प्रकरण ठळकपणे यायला हवे.

मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी अंटार्क्टिकाची वाटते. तिथे नियंत्रित खाणकामाला मुभा देणारा करार 1988 मध्ये तयार झाला होता. कुस्तो यांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उभारली, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये करारातून अंग काढून घेतले, आणि 1991 च्या माद्रिद पूरक कराराने संशोधन वगळता खनिजांशी संबंधित सर्व व्यवहारांवर बंदी घातली. कुस्तो 1997 मध्ये वारले. हा पूरक करार 1998 मध्ये लागू झाला. 2048 पासून कोणत्याही सल्लागार राष्ट्राला, म्हणजे अंटार्क्टिकाविषयीच्या निर्णयांत मताचा हक्क असलेल्या देशाला, त्याच्या फेरविचाराची बैठक मागता येईल. भारत 1983 पासून असे राष्ट्र आहे, आणि त्याच्या अंटार्क्टिक मोहिमा गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून आखल्या जातात.